खळ्यावरचे पहिले माप

खळ्यावर बाजरीची रास तयार झाली, वाऱ्यावर उपणून भुसकट बाजूला गेले, की माझे आजोबा पायली हातात घेऊन बसत. पहिली पायली पोत्यात ओतताना ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन, चार. शेजारच्या खळ्यावर 'लाभ'ऐवजी 'बरकत' ऐकू येई. मी तेव्हा तिसरीत होतो आणि उजळणी पाठ असल्याचा मला भलताच अभिमान होता. मी त्यांना टोकले. त्यांनी पायली राशीत तशीच खुपसून ठेवली आणि म्हणाले, "एक म्हणायची घाई कशाला? आधी लाभ तर होऊ दे."

पुढे अर्थशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. राष्ट्रीय उत्पन्न, दरडोई उत्पन्न, दारिद्र्यरेषा, मानव विकास निर्देशांक, सगळे फळ्यावर लिहून झाले आणि तास संपल्यावर पुसूनही झाले. आजोबांच्या पायलीची आठवण मात्र दरवर्षी त्याच प्रकरणाशी होई. मोजणारा माणूस मोजायला बसतो तेव्हा लाभ कशाला म्हणायचे हे त्याचे आधीच ठरलेले असते. आकडे मागाहून येतात. हे पुस्तक त्या पहिल्या मापाविषयी आहे. कोणत्या काळात, कोणी, कशाला लाभ म्हटले आणि त्या मापात न मावलेले काय काय खळ्यावर सांडून राहिले, एवढाच त्याचा विषय.

हे सगळे नामपुरात बसून लिहायचे म्हणजे जरा आगाऊपणाच. सटाणा तालुक्यातले, म्हणजे जुन्या बागलाणातले, मोसमकाठचे हे गाव. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरात उगम पावलेली मोसम हरणबारीच्या धरणात अडते, तिथून ताहाराबाद, जायखेडा, नामपूर करीत मालेगावाकडे जाते आणि गिरणेला मिळते. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. तरी हा मुलूख अगदीच आडबाजूचा नव्हे. सुरतेहून दख्खनेत उतरणारी वाट बागलाणातून जात होती. बागुल राजांच्या मुल्हेरला टांकसाळ होती आणि तिथली महमुदी दूरवर चालत होती. १६३८ मध्ये मोगलांनी बागलाण घेतले तेव्हा त्यांच्याही डोळ्यांपुढे ही वाट, किल्ले आणि वसूल होणारा सारा होता. त्या काळच्या राजाला 'तुझ्या मुलखाचा विकास किती?' असे विचारले असते तर त्याने खजिन्याची किल्ली दाखवली असती. प्रजा किती वर्षे जगते, हा राजाला विचारायचा प्रश्न असू शकतो हे कोणाच्या डोक्यात आले नसते.

'विकास' हा शब्दच त्या अर्थाने अलीकडचा. फूल विकसते, बुद्धी विकसते. मुलूख विकसतो हे आपण फार उशिरा बोलू लागलो. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाचा शब्द होता 'सुधारणा'. लोकहितवादींनी १८४९ मध्ये 'लक्ष्मीज्ञान' हे अर्थशास्त्रावरचे पुस्तक लिहिले. त्या पिढीला देश दरिद्री का, हे कोडे पडले होते आणि त्याचे उत्तर ती पुष्कळदा आपल्याच अंगात शोधत होती: आळस, अज्ञान, रूढी. सुधारणा म्हणजे माणसाने सुधारणे. माणूस केंद्रस्थानी होता खरा, पण आरोपी म्हणून.

हा आरोप उलटवला दादाभाई नौरोजींनी. त्यांनी हिशेब मांडला. १८६७ ते १८७० च्या आकड्यांवरून त्यांनी काढले की हिंदुस्थानातल्या माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये आहे. नुसता हा आकडा सांगून ते थांबले असते तर कोणी फारसे हलले नसते. त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला: सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च करते? तो निघाला सुमारे ३४ रुपये. मोकळ्या माणसापेक्षा बेड्यांतला माणूस बरा जेवत होता, आणि हे सरकारच्याच कागदांवरून सिद्ध होत होते. गरिबी मोजण्यासाठी आधी माणसाला जगायला किती लागते हे ठरवावे आणि मग त्याला किती मिळते ते पाहावे, ही रीत पुढे शंभर वर्षे चालली. तिचे मूळ तुरुंगाच्या भटारखान्यात आहे. मला स्वतःला भारतीय अर्थशास्त्रातला हा सर्वांत धारदार हिशेब वाटतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या निफाडला १८४२ मध्ये जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी वेगळी बाजू धरली. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी इंग्रजी अर्थशास्त्राच्या नियमांवरच बोट ठेवले. तिकडचे नियम तिकडच्या समाजातून निघाले आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. इथे शेतीवरचा भार कमी करून कारखाने उभारायला सरकारने हात दिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. पुढे नियोजनाच्या काळात जे बोलले गेले त्यातले बरेच रानडे आधीच बोलून गेले होते.

पण या मंडळींत ज्यांना अर्थशास्त्रज्ञ म्हणून कोणी मोजत नाही ते जोतीराव फुले मला विषयाच्या सर्वांत जवळचे वाटतात. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला साधा जाब विचारला. तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामातून, मग शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गासाठी का? पुढच्याच वर्षी लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये शेतकऱ्याचे कर्ज, अज्ञान आणि लुबाडणूक एकाच दोरीत ओवलेली आहेत. उत्पन्न, शिक्षण आणि सत्ता वेगवेगळी मोजता येत नाहीत, हे ज्ञान पुढे न्यूयॉर्कहून छापील स्वरूपात आपल्याकडे आले तेव्हा आपण ते नवे म्हणून स्वीकारले. पुण्यात ते १०८ वर्षे आधी सांगून झाले होते.

आता थोडा वेळ नदीकडे.

मोसम, आरम आणि पांझरा या तीन नद्यांवर शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत पाहिल्याशिवाय आमच्याकडच्या माणसाला 'विकास' म्हणजे काय वाटत असे हे कळत नाही. नदीत दगडाचा बंधारा. बंधाऱ्याच्या काठाने निघालेला पाट, दोन-चार कोस चालणारा. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग, तेच फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक: यंदा या फडात ऊस असेल तर पलीकडच्यात गहू, त्याच्यापलीकडे भुसार. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसे. प्रत्येक फडात त्याचा एकेक पट्टा असे. आमचेही तसेच होते. लहानपणी मला तो मूर्खपणा वाटे, एकाच घरची जमीन चार ठिकाणी कशाला? पावसाने डोळे वटारलेल्या वर्षी त्याचे उत्तर मिळे. नदीत पाणी कमी दिसले की पेरणीआधीच पंच बसत आणि ठरवत, यंदा एवढेच फड भिजतील, उरलेला पडीक राहील. पडीक राहिलेल्या फडात सगळ्यांचाच पट्टा असे, भिजलेल्या फडातही सगळ्यांचा. कमीपणा वाटून घेतला जाई.

पाणी द्यायचे काम पाटकऱ्याचे. कोणाच्या वाफ्यात किती वेळ, हे तो ठरवी. जमिनीच्या मालकाने स्वतः दारे धरायचे नाही. पाटकऱ्यांवर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. मोबदला धान्यात. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस द्यावा लागे. पाटले पानी उनं, ही हाक आळीत आली की पोरे पाटाच्या काठाने पाण्याच्या पुढे पळत. त्या पहिल्या पाण्याच्या तोंडाशी वाळलेली पाने, मुंग्या आणि भुसाचा फेस असे, आणि त्याला एक उग्र, मातकट वास असे. तो वास आजही या विषयावरचा कोणताही अहवाल उघडला की मला येतो. अहवालाचा त्यात काही दोष नाही.

फडाचे कौतुक करणारे अलीकडे बरेच झाले आहेत. बाहेरून येणारे पाहुणे बंधाऱ्यावर उभे राहून फोटो काढतात आणि 'सामुदायिक शहाणपण' वगैरे बोलतात. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. फडात पाण्याचा हक्क जमिनीला होता, माणसाला नव्हता. जागल्या रात्रभर उसाची राखण करी, पण त्या उसाला मिळणाऱ्या पाण्यात त्याचा थेंब नव्हता. पंचांत बाई नव्हती. मूठभर जातींच्या हाती जमीन होती आणि बाकीच्यांच्या हाती खळ्यावरचे वाट्याचे सूप. कमीपणा वाटून घेतला जाई, असे मी वर लिहिले. तो ज्यांच्याकडे वाटण्याजोगे काही होते त्यांनीच वाटून घेतला, हे जोडले पाहिजे.

पाणी जमिनीला, माणसाला नाही, या एका त्रुटीवर महाराष्ट्रातच जे उत्तर निघाले ते विकासविचाराच्या इतिहासात फार वर ठेवायला हवे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. नियम असा: पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही त्याचा वाटा. ऊस लावायचा नाही. जमिनीकडून माणसाकडे हे जे एक पाऊल आहे, त्याच्याविषयीच पुढली बरीच पाने आहेत.

मधल्या काळात जगाने मात्र दुसऱ्याच गोष्टीला लाभ म्हणायचे ठरवले होते. १९३४ मध्ये सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेच्या काँग्रेसला राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला पद्धतशीर हिशेब करून दिला आणि त्याच अहवालात बजावले की या आकड्यावरून देशाचे कल्याण ताडू नका. आकडा सगळ्यांनी घेतला, इशारा फडताळात गेला. जानेवारी १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी शपथविधीच्या भाषणात 'अविकसित' प्रदेशांना मदत करण्याची भाषा केली आणि एका दुपारीत निम्मे जग अविकसित ठरले. आदल्या दिवशीपर्यंत आम्ही गरीब होतो, गुलामगिरीतून नुकते सुटलेले होतो, पण शर्यतीत मागे पडलेले नव्हतो. शर्यत त्या दिवशी ठरली. १९६० मध्ये रोस्टो यांनी तिचे पाच टप्पेही आखून दिले. आमच्याकडे १९५१ पासून पंचवार्षिक योजना, १९५२ च्या गांधीजयंतीपासून समूह विकास योजना, १९६२ च्या महाराष्ट्र दिनापासून जिल्हा परिषदा. ग्रामसेवक, बीडीओ, 'विकास अधिकारी' हे शब्द गावात आले ते याच वाटेने. गावात कोणी रस्ता मंजूर करून आणला की त्याने विकास 'आणला' असे म्हणण्याची रीतही तेव्हाचीच. विकास हा बाहेरून, ट्रकमधून येतो, अशी आपली जी पक्की समजूत आहे तिचा जन्मदाखला या वर्षांत सापडेल.

या सगळ्यामागचे गृहीत असे की वर उत्पन्न वाढले की ते खाली झिरपेल. पाटाच्या काठच्या माणसाला झिरपा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पाटाला लागून असलेले शेत झिरप्याने चिबड होते, तिथे पांढरे मीठ फुटते. आणि शेवटच्या शेतात ढेकूळही भिजत नाही. अर्थशास्त्रज्ञांनी निदान एकदा मार्चमध्ये पाटाने चालून पाहायला हवे होते.

पुण्याच्या गोखले संस्थेतल्या दोघांनी वेगळ्या मार्गाने तेच पाहिले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २,२५० उष्मांकांचे अन्न मिळण्याइतका खर्च परवडतो का, ही कसोटी. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही रेषा. तिच्याखाली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसे. इथेही तुरुंगातल्या भाकरीची सावली आहेच. पण दांडेकर-रथ यांनी उपायही सांगितला: मागेल त्याला सार्वजनिक काम द्या.

आणि पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीला वासाने, चवीने आणि आवाजाने आठवतो. रेशनवर आलेली लाल मिलो, जिची भाकरी थापताना चिरफाळायची. कामावर वाटली जाणारी सुकडी. खडी फोडणाऱ्या हातोड्यांचा दिवसभर चालणारा एकसुरी आवाज. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. एरवी ज्या घरच्या बाया उंबऱ्याबाहेर मजुरीला गेल्या नसत्या त्या घरच्याही बाया खडीवर बसल्या. वि. स. पागे यांनी १९६५ पासून तासगावकडे जी कल्पना लहान प्रमाणात करून पाहिली होती, ती रोजगार हमी (रोहयो) या दुष्काळात राज्याची योजना झाली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. मजूर काम मागेल आणि ते देणे सरकारवर बंधनकारक राहील. हे 'मदत' या शब्दाचे 'हक्क' या शब्दात झालेले रूपांतर देशाने २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात उचलले. रोहयोतले घोटाळे, खोटी हजेरीपत्रके, अर्धवट नालाबांध सगळे खरे. त्यांवर या पुस्तकात एक अख्खे प्रकरण आहे आणि ते वाचून काही मित्र नाराज होणार आहेत.

आम्ही रोहयोवर बोलत होतो तेव्हा आमच्याच तालुक्यात कोणी निराळेच बोलत होते. कांदा आणि उसाच्या भावासाठी १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात रस्ते अडवले गेले, आणि जानेवारी १९८२ मध्ये शेतकरी संघटनेचे पहिले अधिवेशन सटाण्याला भरले. शरद जोशींचे म्हणणे थोडक्यात असे: आम्हाला योजना नकोत, आमच्या मालाला भाव द्या, गरिबी ही काही आमच्यात नसलेल्या गुणांची यादी नाही, ती आमच्याकडून काढून घेतलेल्या पैशाची बेरीज आहे. दादाभाईंनी इंग्लंडकडे जाणाऱ्या संपत्तीविषयी जे म्हटले तेच जोशी खेड्यातून शहराकडे जाणाऱ्या संपत्तीविषयी म्हणत होते. त्यांचे सगळे मला पटले असे नाही. मजुराच्या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याच्या भावात आपोआप सापडेल, हाही एक झिरपाच होता. पण त्याच संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचे अधिवेशन भरवले, आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' च्या नावाने शेतकऱ्यांना आपापल्या बायकांच्या नावे जमीन करून द्यायला लावली. सातबाऱ्यावर बाईचे नाव लागणे हे कोणत्याही दरडोई उत्पन्नात दिसत नाही. तेव्हा आमच्या आळीत ज्या एका घरात ते लागले त्या घरातल्या बाईचे बसणे बदललेले मी पाहिले आहे. ती ओट्यावर बसू लागली.

मग १९९०. पाकिस्तानचे महबूब उल हक यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी पहिला मानव विकास अहवाल काढला. हे तेच हक, ज्यांनी १९६८ मध्ये आपल्याच देशात वाढलेली संपत्ती २२ घराण्यांत कशी साचली हे सांगितले होते, आणि तेही स्वतः तिथल्या नियोजनात काम केल्यावर. त्यांच्या जोडीला अमर्त्य सेन. माणूस काय काय करू शकतो, काय काय होऊ शकतो, हाच विकास आणि पैसा हे त्याचे एक साधन, ही सेन यांची मांडणी. एवढी गुंतागुंतीची गोष्ट एका आकड्यात बसवायला सेन आधी तयार नव्हते. हक यांचा आग्रह असा की राष्ट्रीय उत्पन्नाइतकाच ढोबळ, पण त्याच्याइतका आंधळा नसलेला एक आकडा हवा, नाहीतर कोणी ढुंकून पाहणार नाही. मग आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांचा निर्देशांक झाला. हकांचे व्यवहारज्ञान खरे ठरले. आज वर्तमानपत्राला बातमी मिळते ती 'भारत कितव्या क्रमांकावर' याचीच. आत काय लिहिले आहे ते सेन यांच्यासारखे लोक वाचतात.

महाराष्ट्राने आपला मानव विकास अहवाल २००२ मध्ये काढला, दुसरा २०१२ मध्ये. दुसऱ्यात मुंबई अर्थातच वर आणि तळाला नंदुरबार, म्हणजे आमच्या डोंगरापलीकडचा, १९९८ पर्यंत धुळ्याचा भाग असलेला जिल्हा. गडचिरोली त्याच्या शेजारी. मधे कुठेतरी नाशिक. मला या मधल्या जागेचीच भीती वाटते. नाशिक शहराचे कारखाने, निफाड-दिंडोरीची द्राक्षे आणि सुरगाणा-पेठचे पाडे यांची सरासरी काढली की कोणाचेच नसलेले एक गाव तयार होते. बागलाणातही तेच: मोसमच्या काळ्या जमिनीत डाळिंब आणि पश्चिमेला डोंगरातल्या पाड्यांवर नागली-वरई. तालुक्याची सरासरी दोघांनाही ओळखत नाही.

तरी निर्देशांकाने काहीच झाले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २००६ मध्ये १२ जिल्ह्यांतल्या २५ तालुक्यांत सुरू झालेले मानव विकास मिशन पुढे १२५ तालुक्यांत गेले आणि त्यातून मुलींसाठी एसटीच्या निळ्या बस आल्या. गावातून सकाळी शाळेला आणि संध्याकाळी परत, पासाचे पैसे नाहीत. जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या चर्चेतून निघालेली एक कल्पना शेवटी धुळीच्या रस्त्यावर निळा रंग लावून उभी राहिली, आणि सातवीनंतर घरी बसणारी पोर बारावीपर्यंत गेली. सिद्धान्ताचे एवढे सरळ फळ मी क्वचित पाहिले.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांची गोष्ट मी शेवटच्या तीन प्रकरणांत सांगितली आहे, इथे धावतच घेतो. डाळिंबाने मोसम खोऱ्यात बंगले उभे केले आणि तेल्या रोगाने त्याच बागा मुळासकट उपटायला लावल्या. बंगला तसाच राहिला, त्यावरचे कर्जही. बोअर खोल गेल्या. प्लास्टिक अंथरलेली शेततळी झाली. फडाचे पंच राहिले ते नावापुरते, कारण धरणाचे आवर्तन सुटायची तारीख आता गाव ठरवत नाही आणि ज्याच्याकडे मोटर आहे त्याला पाटकऱ्याची पाळी कशाला हवी? दरम्यान मोजमापे वाढत गेली: २०१० चा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक, २०१५ ची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात खेड्यासाठी रोज २६ आणि शहरासाठी ३२ रुपयांची रेषा सांगितली तेव्हा देशभर हसे झाले. हसणाऱ्यांत किती जणांना दादाभाईंचे ३४ रुपये ठाऊक होते कोणास ठाऊक. आणि एक मोजमाप आहे जे कोणत्याच तक्त्यात नाही, पण आमच्याकडे प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. पाच-दहा एकर बागायत, ट्रॅक्टर, पक्के घर असलेल्या मुलाला मुलगी मिळत नाही. मुलीची आई विचारते, "मुलगा नोकरीला आहे का? नाशकात फ्लॅट आहे का?" तिने विकासाची व्याख्या केलेली आहे, आणि ती तिने स्वतःच्या अनुभवातून केलेली आहे. तिला अडाणी म्हणण्याआधी तिने किती वर्षे कांद्याची पात कापली ते विचारावे.

कांद्यावरूनच थांबतो. माझे वडील बाजारातून आले की हिशेबपट्टी माझ्याकडे देत. एक पातळ कागद, कार्बनचे निळे अक्षर: वजन, भाव, मग हमाली, तोलाई, वाराई वजा, आणि खाली निव्वळ रक्कम. गोल्टी वेगळी, खाद वेगळी. ते पट्टीच्या पाठीवर पेन्सिलने आपला हिशेब मांडत. उळे, रोपाची लागण, खत, औषध, वीजबिल, काढणी, चाळीत भरणे, गाडीभाडे. बेरीज करत आणि पट्टी उलटून पुढच्या आकड्याशी ताडून पाहत. बऱ्याच वर्षी दोन्ही आकडे एकमेकांकडे पाहून गप्प बसत. त्या पट्ट्यांचे एक पुडके माझ्याकडे आहे. या पुस्तकातली तीन प्रकरणे त्यांच्या पाठीवरून लिहिली आहेत.

कृषी मूल्य आयोगाच्या हिशेबात 'ए-२ अधिक एफएल' नावाची एक पातळी असते. त्यातले 'एफएल' म्हणजे घरच्या माणसांची मजुरी. तिच्यावर 'सी-२', त्यात जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही. स्वामिनाथन आयोगाने उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव सुचवला. म्हणजे घरच्या बाईचे कापणीचे दिवस सरकारी कागदावर तरी धरलेले आहेत. कांद्याला हमीभावच नाही, त्यामुळे त्याचा उपयोग काय, हा पुढचा प्रश्न. हे मी मोठ्या उत्साहाने आईला वाचून दाखवले. ती ऐंशीच्या पुढे आहे. तिने पुडके हातात घेतले, एकेक पट्टी उलटून पाहिली आणि विचारले, "याच्यात माझे दिवस कुठं लिहिलेत?"

वडिलांनी ते लिहिले नव्हते. एकाही वर्षी नाही. त्यांना मी दोष देत नाही. मीही ते पुडके दहा वर्षे चाळत होतो आणि मलाही ते दिसले नव्हते.

पुस्तकाच्या शेवटी त्या सगळ्या पट्ट्यांचा एक तक्ता जोडला आहे, सालवार. त्यात आईच्या सांगण्यावरून एक रकाना वाढवला. सगळी वर्षे तिला आठवेनात. काही वर्षांपुढे आकडे आहेत, काहींपुढे 'लग्नाचं वर्ष', 'धाकट्याच्या वेळचं' एवढेच आहे, बरेच कोरे आहे. कळवणकडच्या, पांझरेच्या काठच्या वाचकांकडे अशी पुडकी असतील. पाटकऱ्याला, चाऱ्यांना तिकडे वेगळी नावे आहेत हेही मला माहीत आहे. समासात जागा ठेवली आहे. पेन्सिलने लिहिले तरी चालेल.